घरातल्या ज्येष्ठांना दाखवावा असा ऑटिझमवरचा चित्रपट कोणता?

मधुमालती

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचे निदान झाले. तो मोजकेच शब्द बोलतो, हवी ती वस्तू आमचा हात धरून नेऊन दाखवतो, कुकरची शिट्टी होण्याच्या आधीच कान झाकून घेतो आणि गॅलरीतल्या दोरीवर कपड्यांचे चिमटे त्याच्या स्वतःच्या अशा एका क्रमाने लावत बसतो. तो क्रम आम्हाला अजून उलगडलेला नाही. पण एखादा चिमटा हलवला की त्याला लगेच कळते.

माझे सासू-सासरे चाळीसगावला असतात आणि दिवाळीनंतर काही महिने आमच्याकडे नाशिकला राहायला येतात. दोघांचाही नातवावर अतिशय जीव आहे. मात्र ऑटिझमविषयी त्यांची जी काही समजूत आहे ती बहुतेक चित्रपटांवरूनच झालेली आहे. ‘माय नेम इज खान’ पाहिल्यापासून सासरे मधूनमधून विचारतात, की याला यंत्रे दुरुस्त करता येतील का, आकडे लक्षात राहतात का, कारण अशा मुलांमध्ये काहीतरी दैवी देणगी असतेच असे त्यांना मनापासून वाटते. सासूबाईंचे म्हणणे असे, की आईने नोकरी सोडून पूर्ण वेळ दिला तर मूल बोलू लागते. त्यांच्या बोलण्यात दुखावण्याचा हेतू नसतो, पण ते दोन्ही प्रश्न संध्याकाळी कामावरून घरी आल्यावर ऐकले की मन थकून जाते.

त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून काहीतरी पाहावे आणि त्यावर बोलावे असे माझ्या मनात आहे. ऑटिझम असलेल्या मुलाचे घर प्रत्यक्षात कसे चालते हे ज्यात खरेपणाने आले आहे, असा चित्रपट किंवा मालिका सुचवाल का? हिंदी किंवा मराठी असल्यास उत्तम. माझी अकरा वर्षांची मुलगीही सोबत असेल.

रानवाटा

माझा भाचा ऑटिस्टिक आहे आणि बरीच वर्षे मी एका फिल्म सोसायटीचे काम पाहतो, त्यामुळे आपला प्रश्न मला दोन्ही बाजूंनी जवळचा वाटला. आपल्या सासऱ्यांच्या मनातल्या समजुतीचे मूळ फार मागे जाते. १९८८ मध्ये आलेल्या ‘रेन मॅन’ला चार ऑस्कर मिळाली आणि त्यानंतर जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात ऑटिस्टिक माणूस म्हणजे जमिनीवर सांडलेल्या काड्या क्षणात मोजणारा माणूस हे समीकरण पक्के झाले. त्यातल्या रेमंडच्या पात्रामागची प्रेरणा होती किम पीक हे गृहस्थ. त्यांची स्मरणशक्ती अफाट होती, पण त्यांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा भाग जन्मतःच नव्हता, आणि त्यांना ऑटिझम नसावा असेच पुढे तज्ज्ञांचे मत झाले. म्हणजे ज्या अद्भुत शक्तीची अपेक्षा आज एका सात वर्षांच्या मुलाकडून केली जात आहे, तिचा उगम मुळात वेगळ्याच माणसात आहे.

मला मात्र त्या चित्रपटातली कुटुंबाची बाजू अधिक महत्त्वाची वाटते आणि तिची चर्चा फारशी होत नाही. लहानपणी घरात घडलेल्या एका प्रसंगानंतर, धाकट्या भावाला अंघोळीच्या गरम पाण्याने इजा होईल या भीतीने, रेमंडला संस्थेत पाठवले जाते. पुढे धाकट्याला आपल्याला भाऊ आहे हेसुद्धा आठवत नाही. शेवटी रेमंड आगगाडीने पुन्हा संस्थेतच परततो. त्या कथेत कुटुंब असते ते प्रवासापुरते.

हिंदी चित्रपटांनी ‘रेन मॅन’पासून देणगीची कल्पना उचलली, पण कुटुंबाची मांडणी आपल्या पद्धतीने केली. ‘माय नेम इज खान’ (२०१०) मध्ये बोरिवलीच्या घरातली आई मुलासाठी आयुष्य वेचते, आणि तो भाग मला आजही आवडतो. दंगलीच्या वेळी ती मुलाला जवळ बसवून कागदावर चित्रे काढते आणि जगात चांगली माणसे व वाईट माणसे एवढे दोनच प्रकार असतात हे त्याला समजावते. अमूर्त गोष्ट डोळ्यांना दिसेल अशी करून सांगणे हे ऑटिस्टिक मुलांच्या आया रोज करतात, आणि ते मोठ्या व्यावसायिक चित्रपटात नेमकेपणाने आले आहे. दुर्दैवाने पुढे कथा राष्ट्राध्यक्षांच्या भेटीकडे धावते आणि ऑटिस्टिक नायक रिझवानला रोजचे घर असे उरतच नाही. ‘बर्फी’ (२०१२) मध्ये तर ऑटिस्टिक नायिका झिलमिलचे श्रीमंत घर हेच तिचे सर्वांत मोठे संकट आहे. तिच्या नावावर ठेवलेल्या पैशांसाठी वडीलच तिच्या अपहरणाचा बनाव रचतात आणि तिला जीव लावणारी माणसे घराबाहेरची असतात. एकीकडे देवासारखी आई, दुसरीकडे खलनायक बाप. मधल्या घरांत आपण सगळे राहतो. तिथे माणसे प्रेमही करतात, चिडतातही, बँकेतली शिल्लक मोजतात, आणि आजच्या रात्री तरी मूल झोपेल का याचा विचार करतात. त्या घरांवर कॅमेरा फारसा थांबत नाही.

आपल्याला हवे तसे घर मला बीबीसीच्या ‘द ए वर्ड’ (२०१६) या मालिकेत दिसले. ती एका इस्रायली मालिकेवर आधारलेली आहे आणि मूळ मालिका लिहिणाऱ्या केरेन मार्गालित स्वतः ऑटिस्टिक मुलाच्या आई आहेत. इंग्लंडच्या डोंगराळ भागातले एक मोठे कुटुंब, पाच वर्षांचा जो, त्याची मोठी बहीण, काका-काकू आणि मनात येईल ते बोलून टाकणारे आजोबा. निदान झाल्यावर आई ते बाकीच्यांपासून लपवते, नातेवाईक सल्ले देतात, कोणी दुखावतो, कोणी अचानक कामाला येतो. जो कानाला हेडफोन लावून गाणी ऐकत रस्त्याने चालत सुटतो आणि कोणीतरी त्याला गाडीत घालून घरी आणतो, हे गावातल्या लोकांच्या अंगवळणी पडलेले आहे. भाषा इंग्रजी असली तरी हे घर चाळीसगावच्या मंडळींना अनोळखी वाटणार नाही.

चाफा

मी विशेष शिक्षिका आहे. सासूबाईंच्या प्रश्नाविषयी थोडे लिहिते, कारण पालकांच्या बैठकीत तो या ना त्या रूपाने नेहमी येतो.

आईच्या मायेत कमतरता राहिल्याने मूल असे होते, हा विचार एके काळी डॉक्टरांनीच मांडला होता. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातही पालकांच्या थंडपणाचा उल्लेख होता. पुढे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून आयांना दोष देणारी ही मांडणी सर्वदूर पोहोचवली. खरे तर बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच तिचे सविस्तर खंडन केले होते. ते स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. तरीही पुढे कित्येक वर्षे आयांना हा आरोप सोसावा लागला. ‘रेफ्रिजरेटर मदर्स’ (२००२) या अमेरिकन माहितीपटात अशा काही वृद्ध आया स्वतःच्या तोंडाने ते दिवस सांगतात. सासूबाईंना पूर्ण माहितीपट दाखवण्याची गरज नाही, पण मधुमालती, आपण स्वतः तो जरूर पाहावा.

नोकरी सोडण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. मुलाला शिकवण्याची पद्धत, सातत्य आणि घरातल्या सगळ्यांनी सारखे वागणे यांचा उपयोग होतो. आई दिवसभर घरात असणे हा त्याला पर्याय नाही. आजी-आजोबांना चित्रांचे वेळापत्रक वापरायला शिकवले, तर ते काही महिन्यांतच घरातले उत्तम मदतनीस होतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

कोयनाकाठ

आमचा मुलगा आता सव्वीस वर्षांचा आहे. पडद्यावरची ऑटिस्टिक मुले एक तर लहान आणि गोड असतात किंवा थेट कर्तबगार प्रौढ होतात. दाढी करायला वडिलांची मदत लागणारा, एकट्याने रस्ता न ओलांडू शकणारा सव्वीस वर्षांचा तरुण आणि त्याचे साठीला आलेले आईवडील हे दृश्य क्वचितच दिसते. म्हणून माझे मत ‘ओशन हेवन’ (२०१०) या चिनी चित्रपटाला आहे. मारामारीच्या चित्रपटांसाठी प्रसिद्ध असलेले जेट ली यात मत्स्यालयात काम करणाऱ्या एका विधुर बापाच्या भूमिकेत आहेत. त्याला यकृताचा कर्करोग झाला आहे, हाताशी थोडे महिने आहेत आणि विशीतला ऑटिस्टिक मुलगा दाफू मागे राहणार आहे. सुरुवातीला निराशेच्या भरात तो मुलासह पाण्यात जीव देण्याचा प्रयत्न करतो, तो फसतो, आणि मग उरलेल्या वेळात तो मुलाला अंडे उकडायला, कपडे काढायला-घालायला, बसने जायला शिकवतो. एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा, तुकडे करून, न चिडता, आणि कधी चिडून. मुलासाठी संस्था शोधताना त्याला मिळणारे नकार पाहून मला आमच्याच फेऱ्या आठवल्या. मुलांच्या शाळा म्हणतात, हा मोठा आहे. मोठ्यांच्या संस्था म्हणतात, आमच्याकडे याची सोय नाही.

चित्रपटात न आलेली एक गोष्ट येथे नोंदवून ठेवतो, कारण ‘आमच्यानंतर काय’ या प्रश्नाचा हा भाग आपल्याकडच्या पटकथांत जवळजवळ येतच नाही. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते आणि आईवडिलांचे पालकत्व आपोआप पुढे चालू राहत नाही. ऑटिझम असलेल्या व्यक्तीसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो, आणि ती समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. आमच्या घरातली सर्वांत गंभीर संध्याकाळ निदानाची नव्हती. त्या अर्जावर आमच्या पश्चात कोणाचे नाव चालेल याची चर्चा माझ्या भावंडांसमवेत झाली, ती होती. कोणी नकार दिला नाही, पण सगळे बराच वेळ गप्प होते. असा प्रसंग एखाद्या मराठी लेखकाने लिहावा अशी माझी फार इच्छा आहे.

धाकटी

कोयनाकाठ यांनी लिहिलेल्या त्या गप्प बसण्याविषयी मला भावंडांच्या बाजूने लिहायचे आहे. माझा दादा ऑटिस्टिक आहे. त्याने माझी वही फाडली तर ती मी नीट ठेवली नव्हती हा दोष माझा असायचा. माझ्या वाढदिवसाला फुगे लावायचे नाहीत, कारण फुगा फुटला तर त्याला त्रास होईल, हे मला चौथीत असतानाच ठाऊक होते. आईवडिलांविषयी माझी तक्रार नाही, त्यांच्या हाती जे होते ते त्यांनी सगळे केले. पण भावंडांची ही बाजू चित्रपटांत आली तर अगदी ओझरती येते.

‘माय नेम इज खान’ मधला धाकटा भाऊ झाकीर आठवून पाहा. आईचे सगळे लक्ष मोठ्याकडे, म्हणून तो मनातून दुरावतो आणि शिकायला अमेरिकेला निघून जातो. पुढे आईच्या पश्चात तोच मोठ्या भावाला आपल्याकडे बोलावून घेतो. प्रेक्षक त्याला स्वार्थी मानून मोकळे होतात. मला त्या चित्रपटातले सर्वांत ओळखीचे पात्र तेच वाटले.

या विषयावरचा माझ्या मते सर्वांत प्रामाणिक चित्रपट म्हणजे ‘द ब्लॅक बलून’ (२००८) हा ऑस्ट्रेलियन चित्रपट. दिग्दर्शिका एलिसा डाउन यांचे दोन भाऊ ऑटिस्टिक आहेत. सोळाव्या वर्षात आलेला थॉमस, त्याचा न बोलणारा मोठा भाऊ चार्ली आणि गरोदर आई. आईला विश्रांती सांगितलेली असल्याने चार्लीची जबाबदारी थॉमसवर येते. चार्ली अंतर्वस्त्रांवरच घराबाहेर पळतो, थॉमस त्याच्यामागे साऱ्या वस्तीतून धावतो, आणि चार्ली एका अनोळखी घरात शिरून थेट शौचालय गाठतो. शेजाऱ्यांच्या नजरांतून भावाला घरी आणताना चेहरा कसा ठेवायचा, हे त्या मुलाच्या चेहऱ्यावर अगदी तंतोतंत आहे. त्याला भावाचा राग येतो, लाज वाटते, एकदा तो भावाला मारतोही, आणि चित्रपट त्याला क्षमा मागायला लावण्याची घाई करत नाही. मात्र मधुमालती, त्यात काही प्रसंग अकरा वर्षांच्या मुलीसोबत किंवा सासू-सासऱ्यांसोबत पाहता येण्याजोगे नाहीत, त्यामुळे तो आपण आणि यजमानांनी आधी पाहावा.

मुलीशी मात्र वेगळे बोला. तिला चित्रपटापेक्षा त्याची अधिक गरज असेल.

निरभ्र

मी ऑटिस्टिक आहे. माझे निदान तिशीनंतर झाले, मी पुण्यात नोकरी करतो आणि आईवडिलांसोबत राहतो. वरचे सगळे प्रतिसाद मी आदराने वाचले. ते खरे आहेत याविषयी मला शंका नाही. तरीही त्यांत सुचवलेल्या जवळपास प्रत्येक कथेत कॅमेरा आईच्या, बापाच्या किंवा भावाच्या शेजारी बसलेला आहे. प्रेक्षकाला समजते ते ऑटिस्टिक माणसासोबत राहणे किती अवघड आहे. त्या माणसाला आपल्या घरात राहणे कधीकधी का अवघड होते, हे समजत नाही. मधुमालती यांचा मुलगा शिट्टीच्या आधीच कान झाकतो. त्याच्या बाजूने चित्रित केलेला स्वयंपाकघरातला एक प्रसंग, ज्यात मिक्सर, टीव्ही, पंखा आणि चार माणसांचे बोलणे एकाच वेळी सारख्याच जोराने कानावर आदळते आहे, आजोबांना तासाभराच्या स्पष्टीकरणापेक्षा अधिक सांगून जाईल.

‘एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू’ (२०२२) या कोरियन मालिकेत हे काही अंशी साधले आहे. फिरत्या दारातून आत कसे शिरायचे, या अडचणीत आपण ऑटिस्टिक वकील असलेल्या नायिकेसोबत उभे असतो. ती वडिलांच्या छोट्या खाणावळीतली किंबाप ही भाताची गुंडाळी रोज खाते, कारण आत काय काय आहे ते कापलेल्या बाजूने दिसते आणि चवीचा अनपेक्षित धक्का बसत नाही. हे पाहून माझ्या आईने मला रोज वेगळी भाजी डब्यात देण्याविषयीचा आग्रह सोडला नाही, पण निदान कारण विचारले. या मालिकेची नायिका असामान्य बुद्धीची आहे हा आक्षेप रास्त आहे. मात्र तो आक्षेप मालिकेनेच आपल्या एका भागात घेतला आहे. त्यात फारसा न बोलणारा एक ऑटिस्टिक तरुण आरोपी आहे, आणि त्याच्या आईवडिलांना या हुशार वकिलीणबाईंकडे पाहून दिलासा मिळण्याऐवजी मन जड होते. सासऱ्यांच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मी पडद्यावर पाहिलेले नाही.

भूमिका कोण करते हा मुद्दाही मला सोडवत नाही. शाहरुख खान, प्रियांका चोप्रा, ‘तन्वी द ग्रेट’ (२०२५) मधल्या शुभांगी दत्त, यांपैकी कोणीही ऑटिस्टिक नाही. ते मेहनत घेतात, पण मेहनत बहुधा हातांच्या हालचालींवर आणि नजर चुकवण्यावर घेतली जाते. ‘सितारे जमीन पर’ (२०२५) या स्पॅनिश चित्रपटाच्या हिंदी रूपात दहा खेळाडूंच्या भूमिका बौद्धिक व विकासात्मक वेगळेपण असलेल्या कलाकारांनीच केल्या. कथा अखेर सुधारणाऱ्या प्रशिक्षकाचीच राहते, हे मला खटकले. पण ते दहा जण एकमेकांशी बोलतात, रुसतात, टोमणे मारतात, तेव्हा कोणीही कोणाची नक्कल करत नसते, आणि तो फरक पहिल्या पाच मिनिटांत जाणवतो.

मधुमालती

सगळ्यांचे मनापासून आभार. निरभ्र, आपला प्रतिसाद मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. अडचण एवढीच आहे, की सासू-सासऱ्यांना उपशीर्षके वाचणे जमत नाही. हिंदीतले काही निवडायचे तर काय निवडावे? शिवाय आम्ही पाहत असताना मुलगा त्याच खोलीत असेल, त्याला बाजूला पाठवणे मला योग्य वाटत नाही.

रानवाटा

हिंदीतच हवे असेल तर माझी शिफारस ‘तन्वी द ग्रेट’ची आहे, पण पूर्ण चित्रपटाची नाही. त्याचा उत्तरार्ध लष्करातल्या पराक्रमाकडे जातो आणि सासऱ्यांच्या मनातली देणगीची कल्पना पुन्हा घट्ट होईल. पहिला भाग मात्र आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. अनुपम खेर यांना हा विषय त्यांच्या ऑटिस्टिक भाचीमुळे सुचला. तन्वीची आई ऑटिझमची अभ्यासक आहे, ती कामासाठी परदेशी जाते आणि मुलीला लॅन्सडाउनला निवृत्त कर्नल असलेल्या आजोबांकडे ठेवते. आई कामाला गेली म्हणून कथा तिला दोषी ठरवत नाही, हे सासूबाईंच्या नजरेस आणून देता येईल. शिस्तीत आयुष्य गेलेले आजोबा नातीच्या सवयींवर आधी चिडतात, तिला आपल्या वळणावर आणू पाहतात, आणि हळूहळू तिच्या चालीने चालायला शिकतात. सासऱ्यांना पडद्यावर स्वतःच्या वयाचा माणूस शिकताना दिसेल.

मराठीत काही पाहायचे असेल तर शेजारच्या विषयांवरचे पाहा. ‘चौकट राजा’ सासू-सासऱ्यांनी पाहिलेला असणारच. त्यातल्या नंदूपेक्षा सुलभा देशपांडे यांनी साकारलेल्या त्याच्या आईकडे लक्ष देऊन तो पुन्हा पाहावा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाला बहीण आपल्या संसारात आणते, आणि ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या विद्वान वडिलांची जबाबदारी मुलींवर येते. आजार वेगळे आहेत, पण सांभाळणाऱ्यांचा थकवा, अपराधीपणा आणि माया एकाच वाक्यात कशी येते, हे त्या दोघांइतके मराठीत दुसऱ्या कोणी दाखवलेले नाही. ऑटिझम असलेल्या मराठी घराला अजून तसा चित्रपट मिळालेला नाही.

निरभ्र

मुलगा खोलीत असणार असेल तर आवाज नेहमीपेक्षा बराच कमी ठेवा, दिवे पूर्ण बंद करू नका, आणि दाराजवळची जागा त्याच्यासाठी मोकळी सोडा म्हणजे नको वाटल्यास तो आपणहून बाहेर जाऊ शकेल. ‘तन्वी द ग्रेट’ मधली आरडाओरड्याची व गर्दीची दृश्ये आपण आधी एकदा पाहून त्यांची वेळ लिहून ठेवा आणि तेव्हा आवाज बंद करा. चिमट्यांची टोपली त्याच्याजवळ असू द्या. आणि एक विनंती. तो खोलीत असताना पडद्यावरच्या पात्राकडे बोट दाखवून ‘आपला हा पण असाच’ असे कोणी म्हणू नये, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. मोजके शब्द बोलणाऱ्या मुलांना त्यापेक्षा पुष्कळ अधिक ऐकू येते आणि कळते.